पोकेमॉन कार्डं जमवायची तर आधी डोळा तयार करा

शाळेसमोरच्या टपरीवर, खेळण्यांच्या दुकानात किंवा जत्रेतल्या पालावर दहा-वीस रुपयांना पोकेमॉनचं जे पाकीट मिळतं, ते नकली असतं असं धरूनच चाला. त्यात फार बिघडत नाही. पोरांना गल्लीत खेळायला तेवढं पुरतं. बिघडतं ते पुढे. तीच कार्डं कुणीतरी ‘ओरिजिनल आहे भाऊ, मुंबईहून मागवलंय’ म्हणून पाचशेला देतो, आणि पोरगं दिवाळीचे जमवलेले पैसे काढून त्याच्या हातावर ठेवतं.

खान्देशात या छंदाची अडचण हीच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, कुठेही घ्या. जाणकार दुकानदार शोधावा लागतो आणि बहुतेक माल ऑनलाइनच मागवावा लागतो. म्हणून खरेदीच्या आधी पारख शिकायची. त्याला पैसे लागत नाहीत, दोन-चार संध्याकाळी पुरतात.

आधी कार्ड वाचा

पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानात ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी १९९९ पासून इंग्रजी कार्डं निघू लागली. त्यानंतर कितीतरी संच आले, चौकटी बदलल्या, पण कार्डाचं माप तेच राहिलं: ६३ बाय ८८ मिलिमीटर. मांडणीही ओळखू येईल इतकी तीच आहे. वर डावीकडे त्या प्राण्याचं, म्हणजे पोकेमॉनचं, नाव आणि त्याला लागून बेसिक, स्टेज १ किंवा स्टेज २, म्हणजे तो मूळ रूपात आहे की वाढलेल्या. उजवीकडे एचपी, म्हणजे त्या प्राण्यात जीव किती, आणि शेजारी रंगीत गोल चिन्ह. मध्ये चित्र. चित्राखाली हल्ले: डावीकडे त्या हल्ल्याला लागणारी एनर्जी, उजवीकडे समोरच्याचं होणारं नुकसान.

ते रंगीत चिन्ह म्हणजे प्राण्याचं तत्त्व. गवत हिरवं, आग लाल, पाणी निळं, वीज पिवळी, मनःशक्ती जांभळी, लढाऊ तपकिरी, अंधार काळसर, धातू करडा, ड्रॅगन सोनेरी, आणि कुठल्याच गटात न बसणारे रंगहीन पांढरे. गुलाबी परीचं चिन्ह दिसलं तर कार्ड जुनं समजा. २०२० पासून परी गट बंद झाला आणि त्यातले प्राणी मनःशक्तीत गेले. कोण कुणाला भारी हे पोरं आपोआप शिकतात. आगीला पाणी जड, पाण्याला वीज जड, गवताला आग जड. कमजोरी असेल तिथे सध्याच्या नियमाने नुकसान दुप्पट होतं.

संग्राहकाच्या कामाची माहिती मात्र तळाच्या डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असते. पोरं चित्र बघतात, एचपी बघतात, आणि हा कोपरा सोडून देतात. तिथे संचाचं चिन्ह किंवा अक्षरी कोड, कार्डाचा क्रमांक आणि दुर्मीळपणाची खूण असते. (जुन्या संचांत हेच उजव्या कोपऱ्यात सापडतं.) गोल म्हणजे सर्रास मिळणारं, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे जरा कमी, चांदणी म्हणजे रेअर. २०२३ पासूनच्या स्कार्लेट अँड व्हायोलेट मालिकेत चांदण्यांचा रंग आणि संख्याही बघायची: दोन काळ्या म्हणजे डबल रेअर, एक सोनेरी म्हणजे इलस्ट्रेशन रेअर, दोन सोनेरी म्हणजे त्याहून वरचं, तीन सोनेरी म्हणजे हायपर रेअर.

क्रमांकाचं एक उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘१५१’ या संचात पिकाचू ०२५/१६५ असा आहे. हे साधं कार्ड, मूठभर पैशांत मिळणारं. त्याच संचात पिकाचू १७३/१६५ असाही आहे. संच १६५ कार्डांचा आणि क्रमांक १७३, म्हणजे हे मोजणीच्या बाहेरचं, कडेपर्यंत चित्र पसरलेलं खास कार्ड. संचात अशी बाहेरची कार्डं धरून एकूण २०७ होतात. प्राणी तोच, नावही तेच, किमतीत मात्र मोठा फरक. कुणी नुसतं ‘पिकाचू देतो’ म्हणाला तर पहिला प्रश्न क्रमांकाचा.

चित्रकाराचं नावही कार्डावर छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचातला प्रसिद्ध चारिझार्ड, ४/१०२, एचपी १२०, हा मित्सुहिरो अरिता यांनी काढला. तुमच्याकडे कुणी ‘पहिल्या संचातला चारिझार्ड’ म्हणून कार्ड घेऊन आला आणि यातली एक जरी गोष्ट जुळली नाही, तर बोलणं तिथेच थांबवायला हरकत नाही. जुळली म्हणून खरं ठरत नाही, कारण या कार्डाच्या नकला भरपूर आहेत.

पारख

सगळ्यात आधी एक खात्रीचं, अगदी साधं, चांदणी-बिंदणी नसलेलं अस्सल कार्ड मिळवा. ओळखीतल्या जुन्या संग्राहकाकडून मागून घ्या किंवा विश्वासाच्या ठिकाणाहून एक सीलबंद पॅक घ्या. हे तुमचं कसोटीचं कार्ड. पुढच्या सगळ्या परीक्षा याच्याशी ताडून करायच्या, कारण हातात एकटं कार्ड असलं की नकलीही खरं वाटतं.

पहिली नजर मागच्या बाजूवर. निळ्या भोवऱ्यासारखी नक्षी, मध्ये चेंडू, वर-खाली पिवळी नावं. नकली कार्डात हा निळा बहुतेक वेळा फिका, जांभळट किंवा एकाच छटेचा असतो. अस्सल कार्डात निळ्याच्या आत गडद-फिक्या लाटा दिसतात. मग नाव वाचा. इंग्रजीत ‘पोकेमॉन’ लिहिताना ‘ई’ या अक्षरावर छोटी तिरकी रेघ असते. स्वस्त नकलांत ती बऱ्याचदा गायब असते, किंवा हल्ल्याच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका असतात. एचपीही बघा. अस्सल कार्डावर तो दहाच्या पटीत असतो. ६५५ असला काहीतरी आकडा दिसला की दुकानदाराला हसून नमस्कार करा.

दुसरी नजर कडेवर. कार्ड डोळ्यासमोर आडवं धरून बाजूने बघा. अस्सल कार्ड थरांचं बनतं आणि मधल्या थरामुळे कडेला केसाएवढी बारीक काळसर रेघ दिसते. नकली कार्ड कडेला सरळ पांढरं असतं. याच काळ्या थरामुळे मोबाइलचा टॉर्च मागून लावला की अस्सल कार्डातून प्रकाश कमी येतो आणि नकली उजळून निघतं. मात्र फॉइल, म्हणजे चमकत्या थराच्या, कार्डाची तुलना फॉइलशीच करायची. काही जण कार्ड फाडून काळा थर दाखवतात. असल्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. अस्सल निघालं तर काय चिकटवणार?

तिसरी परीक्षा बोटांची. पूर्ण चित्राच्या भारी कार्डांवर बोटाच्या ठशासारख्या बारीक कोरीव रेषा असतात. नख न लावता, बोटाचं पेर हलकंच फिरवलं तरी त्या जाणवतात. नकली कार्ड गुळगुळीत असतं, किंवा सगळ्या कार्डांवर एकच ठोकळेबाज नक्षी असते. चमक बघायची तर खिडकीपाशी कार्ड तिरपं करा. नकलीत इंद्रधनुष्य सगळीकडे सारखं सांडलेलं दिसतं, नावावर, मजकुरावर, चौकटीवर.

चौथी परीक्षा आपल्याकडे सहज होण्यासारखी आहे. जळगावात सोन्याची पेढी ओळखीची नसेल असं घर विरळाच. सराफाकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं. त्यातून कार्डावरचा काळा मजकूर बघा. अस्सल कार्डात रंगीत चित्र ठिपक्यांचं बनलेलं दिसतं, पण काळी अक्षरं सलग, धारदार छापलेली असतात. नकली कार्ड मूळ कार्डाचं स्कॅन करून छापलेलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची आणि कडा फुटलेल्या दिसतात. मोबाइलला लावायचं स्वस्त भिंगही चालतं. सराफाकडे गेलाच आहात तर वजनही करून घ्या: साधं कार्ड साधारण पावणेदोन ग्रॅम भरतं. पण एकट्या वजनावर निकाल देऊ नका, कसोटीच्या कार्डाशी ताडा.

आणि ती सोनेरी कार्डं! पन्नासेक चकचकीत सोनेरी कार्डांचा डबा, प्रत्येकावर चारिझार्ड नाहीतर म्यूटू. ही सगळी प्लास्टिकची नक्कल आहे, त्याला वरच्या कुठल्याच परीक्षेची गरज नाही. वाढदिवसाला भेट म्हणून छान दिसतं, किंमत मात्र खेळण्याचीच द्या.

पॅक की सुटं कार्ड

२०२३ पासूनच्या इंग्रजी पॅकमध्ये साधारण दहा कार्डं, एक बेसिक एनर्जी (हल्ल्याला लागणारी शक्ती पुरवणारं साधं कार्ड) आणि मोबाइलवरच्या खेळासाठी एक कोड कार्ड निघतं. दहांपैकी सात साधी आणि शेवटची तीन चमकणारी. जपानी पॅक लहान असतो, बहुतेक संचांत पाच कार्डांचा. म्हणून एखाद्या पॅकमधली सगळीच्या सगळी कार्डं झगमगत निघाली तर खुश होऊ नका, ती धोक्याची घंटा आहे.

पॅक फोडायला मजा येते हे कोण नाकारेल? पण मनात एखादं ठराविक कार्ड असेल तर पॅक फोडत बसणं म्हणजे लॉटरी. पॅकच्या पैशांत बहुतेक वेळा तेच कार्ड सुटं येतं आणि वर पैसे उरतात. पालकांना माझं सांगणं असं: महिन्याचा आकडा ठरवून द्या, त्यातून मौजेला एखादा पॅक, बाकीची सुटी कार्डं. भारी कार्ड निघेल आणि पैसे वसूल होतील या आशेवर पोरांना पॅक घेऊन देऊ नका.

सुट्या कार्डाचा भाव काढताना मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत यात गल्लत करू नका. ऑनलाइन कुणीही साध्या पिकाचूपुढे लाख रुपये लिहून ठेवू शकतो. ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर ‘विकलं गेलेलं’ असा चाळणीचा पर्याय आहे, तो लावूनच भाव बघा. अमेरिकेतल्या भावासाठी टीसीजीप्लेअर ही साइट, युरोपासाठी कार्डमार्केट. तिथला आकडा रुपयांत करून आपल्याकडे तसाच लागत नाही. टपालखर्च, सीमाशुल्क आणि विक्रेत्याचा नफा त्यात चढतो. तरी बोलणी कुठून सुरू करायची ते कळतं. शोधताना नाव, संच आणि क्रमांक तिन्ही टाका.

ऑनलाइन विक्रेत्याकडून कार्डाच्या पुढच्या-मागच्या बाजूचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो मागा, आणि कार्डाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. एका विक्रेत्याने मला कंपनीच्या साइटवरचं चित्र पाठवून ‘असंच येईल’ म्हणून सांगितलं होतं. असं उत्तर आलं की पुढे जायचं नाही. पार्सल आल्यावर पाकीट फोडण्याच्या आधीपासून सलग व्हिडिओ काढा, मध्ये थांबवू नका. सीलबंद पॅक असेल तर वरची-खालची दाबलेली शिवण बघा. ती सरळ, एकसारखी हवी. गोंदाचा डाग किंवा पुन्हा चिकटवल्याच्या सुरकुत्या असतील तर तसंच परत करा.

कूलर, मे महिना आणि वाकडी होणारी कार्डं

परदेशातल्या मार्गदर्शकांत आपल्या कूलरचा विषय नसतो, आणि इथे तोच निम्मं नुकसान करतो.

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी घरोघरी वाळ्याचा किंवा गवताचा कूलर चालू. हवा बाहेर कोरडी ठणठणीत आणि खोलीत दमट. कार्डाच्या एका बाजूला फॉइलचा पातळ थर आणि बाकी सगळा कागद. कागद ओल शोषून फुगतो, फॉइल नाही. म्हणून दमट हवेत फॉइल कार्ड चित्राच्या बाजूने आत वळतं, पन्हळीसारखं. कोरड्या हवेत कागद आकसतो आणि कार्ड उलट्या बाजूला फुगतं. दिवसा कूलर, रात्री बंद, असं रोज चाललं की कार्ड दोन्हीकडे ओढलं जातं. पावसाळ्यात वेगळंच: जुलै ते सप्टेंबर हवाच ओली.

उपाय महाग नाहीत. कार्डं कूलरच्या खोलीत उघडी ठेवायची नाहीत. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्यात बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाका. फार नको, हवा अगदी कोरडी केली तर कार्डं दुसरीकडे वळतील. पावसाळ्याच्या आधी पुड्या बदला. डबा घराच्या आतल्या भिंतीकडच्या कपाटात, खालच्या खणात. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नका. मे महिन्यात तिथे हात टेकवत नाही. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायची आपली सवय इथे बाजूला ठेवा. त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लास्टिकला चिकट करते.

वाकलेलं कार्ड इस्त्रीने सरळ करायचा विचारही नको. स्लीव्हमध्ये घालून दोन जाड पुस्तकांमध्ये, डब्यासारख्या बंद जागी आठवडाभर ठेवा. बरीचशी सरळ होतात.

स्लीव्ह म्हणजे कार्डाचं पातळ पारदर्शक पाकीट. ते पीव्हीसीचं नको, पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. पीव्हीसी उन्हाळ्यात कार्डाला चिकटतं. भारी कार्ड स्लीव्हसकट टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात. बाकीची पानाला नऊ खण असलेल्या बाइंडरमध्ये, म्हणजे अल्बममध्ये, शक्यतो बाजूने कार्ड आत सरकवायचा आणि कड्या नसलेला. कड्यांचा फाइल-फोल्डर वापरलात तर कडीजवळच्या रांगेतल्या कार्डांवर वळ उठतात. रबरबँड कधीच नाही. आणि झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन तर मुळीच नाही. त्यानंतर ते कार्ड संग्रहाच्या दृष्टीने संपलं.

धुळीचंही बघायला हवं. वैशाखातला वारा सुटला की बाइंडरवरही थर बसतो. कार्ड फुंकून किंवा ओल्या फडक्याने पुसू नका, चष्म्याच्या कोरड्या मऊ कापडाने वरच्यावर झटका. आणि कार्ड बघण्याआधी हात धुवा. शेवेचा हात फॉइलवर लागला की डाग कायमचा.

ग्रेडिंगचं खूळ

पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासून एक ते दहा गुण देतात आणि प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. चौकट मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग, हे चार मुद्दे. हेच चार तुम्ही घरी दिव्याखाली तपासा: कार्ड तिरपं करून ओरखडे, आणि मागच्या निळ्या कडेवर पांढरे ठिपके. एक जरी ठिपका दिसला तरी दहाची आशा सोडा. शुल्क, जाण्या-येण्याचा खर्च आणि महिनोन्‌महिने वाट बघणं धरलं, तर आपल्याकडच्या शंभरातल्या बहुतेक कार्डांना ग्रेडिंग परवडत नाही. कार्डाची साधी किंमतच त्या खर्चाच्या कित्येक पट असेल तरच विचार करा.

अदलाबदल

सुट्टीत ओट्यावर बसून चालणारा व्यवहार हा या छंदाचा सगळ्यात रंगतदार भाग. ‘तुना दोन, मना एक, दे बरं!’ इथून सुरू होऊन पार भांडणापर्यंत जातो. दोन नियम घालून दिले की बरंच निभतं. एक, नकली आणि अस्सल कार्डांची अदलाबदल आपसात नाही, नकलीला नकली. दोन, दोघांनी क्रमांक टाकून भाव बघितल्याशिवाय भारी कार्ड हातातून सोडायचं नाही. नववीतला पोरगा चौथीतल्याकडून चमकतं कार्ड पाच साध्यांवर घेऊन जातो, तेव्हा मोठ्यांनी मध्ये पडायला हरकत नाही. झालेला व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत मोडता येईल, असं आमच्या गल्लीत ठरलेलं आहे. रडारड बरीच कमी झाली.

खेळायचं असेल तर

निम्म्या पोरांना हा खेळ आहे हेच माहीत नसतं. प्रत्येकाकडे ६० पत्त्यांचा डेक, एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं, बेसिक एनर्जी मात्र कितीही. सुरुवातीला हातात सात, बाजूला सहा बक्षीस कार्डं पालथी, बाकावर, म्हणजे राखीव जागेवर, जास्तीत जास्त पाच प्राणी बसतात. समोरचा प्राणी गारद केला की एक बक्षीस उचलायचं. त्याच्या नावापुढे ‘ईएक्स’ असेल तर सहसा दोन. सहाही उचलली, किंवा समोरच्याकडे खेळात एकही प्राणी उरला नाही, किंवा त्याच्या पाळीला ओढायला पत्ताच नसला, की तुम्ही जिंकलात. घरच्या खेळाला दहा रुपयांची कार्डं लावा, महागड्या कार्डांना हात लावायची गरज नाही. अस्सल पॅकमधलं कोड कार्ड फेकू नका, पोकेमॉन टीसीजी लाइव्ह या मोबाइलवरच्या खेळात ते चालतं आणि नियम तिथे फुकट शिकता येतात.

नोंद आणि पाठवणी

एक दोनशे पानी वही घ्या. संच, क्रमांक, कुठून घेतलं, कितीला, स्थिती कशी. मोबाइलमधली यादी मोबाइलसोबत जाते. पन्नास-शंभर रुपयांच्या वरच्या प्रत्येक कार्डाचा पुढून-मागून फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

नाशिक-पुण्याला कार्ड पाठवायचं झालं तर आधी स्लीव्ह, मग टॉपलोडर, टॉपलोडरच्या तोंडाला सहज निघणारी कागदी पट्टी. त्या पट्टीचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला नखाने कोरत बसावं लागत नाही. टॉपलोडर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधा, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग पाकिटात. पावसाळ्यात पिशवी चुकवू नका. पाकिटावर ‘वाकवू नये’ असं लाल पेनने लिहिलं तरी चालेल, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. पुठ्ठा जाड घ्या आणि ट्रॅकिंगवालं टपालच करा.